रिकामे ताट

नाताळच्या आदल्या संध्याकाळी माझ्या मुलीने, डोरोताने, रिवाजाप्रमाणे अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट रिकामे मांडले. मारकुट्या नवऱ्यापासून, व्हाल्डेकपासून, तिला ज्या न्यायाधीशाने घटस्फोट मंजूर केला, त्याची नेमणूकच बेकायदा म्हणून युरोपचे न्यायालय त्याला न्यायाधीश मानत नव्हते. आमचे पोलंडचे घटना न्यायालय मात्र मानत होते.

“बाबा, मग मी सुटले ना?”

“आपल्या घटनेप्रमाणे सुटलीस गं,” मी पुटपुटलो.

“आणि त्यांच्याप्रमाणे?” तिने चमचा खाली ठेवला.

“आधी बिटाचं सूप घे. गार होतंय.”

तेवढ्यात दार वाजले. या संध्याकाळी ‘कोण आहे’ असे विचारायचे नसते, आलेल्याला परत पाठवायचे नसते. मी कडी काढली.

“या, पाहुणे.”

 

“पाहुणा कसला, बाबा?” व्हाल्डेक आत येत म्हणाला. “युरोपच्या हिशेबानं मी अजून घरचाच.”