एकतीस

हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबताना मोठ्यानं मोजायचं असतं. तीस झाले की दोन श्वास, मग पुन्हा एकपासून. ही मोजणी कुठं चुकते, यावर सिस्टर संशोधन करत होत्या. भर दुपारी हेडफोन लावून त्या आपत्कालीन विभागातली जुनी रेकॉर्डिंग ऐकत बसल्या होत्या.

एका रेकॉर्डिंगमध्ये सगळे तिसाला थांबले. एक बाई मात्र शांतपणे म्हणाली, "एकतीस."

पुढचं रेकॉर्डिंग दुसऱ्याच वर्षाचं होतं. बाई तीच. "बत्तीस."

"सर, ही कोण हो?" सिस्टरनी आत आलेल्या डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली. "तीसच तर आहेत. कान वाजतायत तुमचे, सिस्टर. आधी दोन घास खाऊन घ्या."

ते गेले. सिस्टरनी रेकॉर्डिंग बंद केलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"तेहेतीस," बाई म्हणाली, आणि सिस्टरच्या छातीवर मधोमध, तळहाताचा जोरदार दाब पडला.