एकाच पाइपात

तिसऱ्यांदाही आडनावाच्या मधोमध यंत्र चळलं. नोलीननं लाल बटण दाबलं, डोळ्यांवरची काळी काच वर केली आणि पत्र्याकडे पाहिलं. ‘आयल्सा’ सुरेख कापलं गेलं होतं. ‘ट्रेनगोव्ह’मधलं एक अक्षर मात्र अंगठाभर सरकून शेजारच्या अक्षरात घुसलं होतं.

हे यंत्र तिनं स्वतः बांधलेलं, घरामागच्या शेडमध्ये, शाळेची बस चालवून उरलेल्या वेळात. कॉम्प्युटरवर अक्षरं काढायची आणि प्लाझ्माच्या ज्वाळेनं ती पोलादात कापायची. आज दुपारी सामना संपला की नेटबॉलच्या मैदानाच्या फाटकावर आयल्सा ट्रेनगोव्हचं नाव चढणार होतं. गावातल्या बहुतेक बायकांना तिनं खेळायला शिकवलं होतं. नोलीनची आई गेली तेव्हा तिला घरी नेऊन जेवायला घालणारीही तीच. नव्वदीची आयल्सा स्वतः मैदानावर असणार होती आणि नोलीनकडे आता एकच पत्रा उरला होता.

दोष कसला ते तिला कळलं होतं, येतो कुठून ते कळत नव्हतं. ज्वाळेच्या जागी पेन लावलं की यंत्र अख्खं नाव बिनचूक लिहायचं. ज्वाळा पेटली की बिनसायचं. म्हणजे ठिणगीतून उठणारा विजेचा गोंगाट कुठून तरी मोटारींच्या तारांत शिरत होता आणि मोटारींना वाटत होतं, हुकूम आला. दोन आठवडे ती हात धुवून त्याच्या मागे लागली होती. तांब्याची सळई जमिनीत ठोकून नवं अर्थिंग केलं, कोरड्या मातीत रोज बादलीभर पाणी ओतलं, कंट्रोलची पेटी उघडून एकेक जोड पुन्हा आवळला. गावात तोवर कुजबुज सुरू झालीच होती. ज्यांना घरातला फ्यूज बदलता येत नाही, तेही तिला थांबवून सल्ला देऊ लागले होते.

आता तिनं ज्वाळेची जाड केबल हातात धरली आणि चाचपत चाचपत पुढे निघाली. ही केबल तिनं मुद्दाम बाकीच्या तारांपासून लांब, छताला दोरीनं टांगली होती. मान वर केली की दोरीवर काळी केबल दिसायची, म्हणून तिकडे तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं. केबल छताकडे गेलीच नाही. ती भिंतीकडे वळली आणि राखाडी पाइपात शिरली. उंदीर मोटारींच्या तारा कुरतडतात म्हणून तिच्या नवऱ्यानं, मर्व्हनं, तो पाइप घातला होता. तिनं त्याचे आभारही मानले होते. वरच्या दोरीवर लोंबत होती ती साधी दिव्याची वायर.

मर्व्ह चहाचे मग घेऊन आत आला.

“ही जाडी केबल पाइपात तू घातलीस?”

“हो. आत जागा होती. वर लोंबकळत होती, कसंतरीच दिसायचं.”

“ती लोंबकळतच ठेवायची होती, मर्व्ह. तिच्यातला गोंगाट मोटारींच्या तारांत जातो. तू दोघींना गळ्यात गळा घालून बसवलंस.”

“मला काय माहीत?”

“नसेल माहीत. पण दोन आठवडे मी इथे डोकं फोडून घेतेय. तू एकदा तोंड उघडायचंस की, मी इथे हात लावला होता म्हणून.”

“तसं काही असेल असं मनातच आलं नाही,” मर्व्ह म्हणाला. “मला वाटलं, तुझंच काहीतरी चुकलं असणार.”

केबलचा राग नोलीननं गिळला असता. हे मात्र घशाखाली उतरेना. तिनं पाइप कापला, केबल ओढून काढली आणि पुन्हा छताला टांगली. शेवटचा पत्रा ठेवला. यंत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सरळ गेलं, जसं ते पाइप येण्याआधी जायचं.

मर्व्हनं पाटीकडे बघितलंही नाही. तो मगात बघत राहिला.

“ग्लेनिसला मी काल फोन केला होता,” तो म्हणाला. ग्लेनिस नेटबॉल क्लबची अध्यक्ष. “म्हटलं, नोलीनला काही झेपत नाहीये. मग ग्लेनिसनं आयल्साच्या नावाचा प्लॅस्टिकचा बोर्ड छापून आणला. सकाळीच लावला म्हणे फाटकावर.”

“मला न विचारता?”

“तुझे हाल बघवत नव्हते गं. तुझ्यासाठीच केलं.”

हाल कोणी केले, हे त्याच्या गावीही नव्हतं. नोलीननं हातमोजे चढवून गरम पाटी उचलली आणि गाडीच्या मागे ठेवली. तिच्या शेजारी शिडी टाकली. स्क्रूड्रायव्हर आणून मर्व्हच्या हातात दिला.

“चल. तो बोर्ड तू उतरवायचास.”

“आत्ता? सामना चालू असेल. सगळं गाव तिथे असेल.”

“असू दे.”

“आणि कोणी विचारलं तर काय सांगू?”

“काय घडलं ते सांग,” नोलीननं गाडी सुरू केली. “फक्त मोठ्यानं सांग. आयल्साला कमी ऐकू येतं.”