कठड्याला अडकलेली गाडी

हँडल उजवीकडे वळवलं की फ्यूज उडत होता. भिकाजी मिस्त्रींनी टाकी उतरवली आणि वायर चाचपत ते हँडलच्या बुंध्यापर्यंत आले. तिथं वरचं प्लास्टिक झिजून उघडी तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकत होती.

मुलाच्या या जुन्या मोटरसायकलचं वायरिंग त्यांनीच नव्यानं केलं होतं. आठ महिन्यांपूर्वी घाटातल्या उजव्या वळणावर गाडी कठड्याला अडकली आणि उमेश अंधारात दरीत पडला. ‘वेडा वेगात असणार,’ असं ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले होते.

चहा घेऊन आलेल्या सुनेला ते म्हणाले, “रेवती, वेग नव्हता गं. दिवा गेला असणार. वायर मीच चुकीच्या बाजूनं ओढली होती.”

“दिवा मध्येच जातो, हे त्यांना ठाऊक होतं, बाबा.”

“मग मला का नाही बोलला?”

“म्हणाले, बाबांनी एवढ्या हौसेनं काम केलंय, त्यांना वाईट वाटेल. सवडीनं मीच बघेन.”

आठ महिने ही पोर सगळं मुकाट ऐकत राहिली होती. भिकाजी तिथंच जमिनीवर बसले आणि उमेश गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडले.