गेटवरचा ड्रम

कुशलनं थीम पार्कचा अख्खा प्लॅन फॅमिली ग्रुपवर टाकला होता. मनीषनगरहून सातला निघायचं, मोठे झुले आधी, घरचं खाणं आणायचं नाही. त्याच्या आईनं, तुळजाबाईनं, त्याखाली जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं होतं. आता गेटवर गार्डनं तिच्या पिशवीतून डबा काढला. "मावशी, ड्रममध्ये टाका." ड्रममध्ये लोकांच्या पुऱ्या, भात, चटण्या आंबून लगदा झाला होता, वर माशा. कुशलनं नाकावर रुमाल धरला. "लिहिलं होतं ना मी! काहून आणला वं आई?" "मले वाचता येते काय, बाबू? तुयं काही आलं की हात जोडून टाकते." "लोक पाहून राहिले," म्हणत त्यानं तिच्या तिखट पुऱ्या लगद्यावर पालथ्या केल्या. तुळजाबाईनं ड्रमसमोर वाकून अन्नाला खरेखुरे हात जोडले. आत कुशलनं तीनदा साबणानं हात धुतले. तरी स्वतःच्याच हातांची किळस गेली नाही.