घातांक शून्य

रायाप्पा आज्जांनी देह सोडायचं व्रत, सल्लेखना घेतली होती. आधी अन्न सोडलं, मग दूध, मग ताक. आता नुसतं पाणी राहिलं होतं. मॅट्रिकला बसलेली नात ब्राह्मी रडू लपवायला उशाशी पाटीवर गणितं करत होती.

“काय करतीस गं?”

“दोनाचा घातांक तीन, आज्जा. दोनानं भागत गेलं की घातांक एकेक कमी होतो. तीन, दोन, एक, शून्य.”

“शून्य झाला की काय उरतंय?”

“एक.”

“शून्य न्हाय?”

“न्हाय. दोन घ्या न्हायतर लाख, एक उरतोच.”

बसदीतल्या तीर्थंकरांच्या मूर्तीकडं बघावं तसे आज्जा पाटीवरच्या त्या एकाकडं बघत राहिले. मग त्यांनी हात जोडले आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला.

“ह्यो बी ने आता, बाळ.”