रिकामी सीट

दुसरी पिकअपही रॅम्पच्या डावीकडून निघून गेली आणि मुरमाच्या ढिगात नाक खुपसून बसली. ब्रॉनीने गळ्यात अडकवलेल्या रिमोटवरचे अंगठे उचलले. आता त्याच रंगाची एकच पिकअप उरली होती.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल गावाबाहेरच्या लाल माळावरचा तो शॉट तसा साधा होता. पिकअपने तीनशे मीटर सरळ धावायचं, पाण्याच्या दोन टाक्यांमधून रॅम्पवर चढायचं आणि कोरड्या नाल्यात उडी घ्यायची. आत माणूस नको, म्हणून तर ब्रॉनीला बोलावलं होतं.

दिग्दर्शक कॅलमने गार झालेला चहा मातीत ओतला. "ऊन तासाभराचं उरलंय, ब्रॉनी. राहू दे तुझं यंत्र. डार्सी चालवेल."

डार्सी ब्रॉनीचा मुलगा. गाड्या उडवणं हाच त्याचा धंदा. आजवर एकही हाड मोडलं नाही म्हणून याला अक्कल यायची राहून गेली, असं ब्रॉनीचं मत होतं. हेल्मेट तर त्याने केव्हाच चढवलं होतं.

"तोंड नको पाडूस, आई. सकाळी तालमीत गेलीच की गाडी सुतासारखी सरळ."

"सकाळी गेली. आता का जात नाही, तेच कळेना."

तिला भीती वाटत होती. वीस वर्षं ती स्वतः अशा गाड्या उडवत होती, त्यामुळे जरा जास्तच.

डार्सी आत बसला. त्याबरोबर ती म्हातारी पिकअप त्याच्या बाजूला दोन बोटं दबली. ब्रॉनी बघत राहिली.

"उतर."

"आता काय?"

"उतर म्हणते ना. हं, परत बस."

गाडी वर आली, पुन्हा खाली गेली. सकाळी तालमीत तिन्ही गाड्यांचं स्टिअरिंग सरळ लावताना ब्रेकवर कोणीतरी हवं, म्हणून नेहमीप्रमाणे डार्सीच सीटवर होता. त्याच्या भाराने गाडी उजवीकडे ओढत होती. तेवढी ब्रॉनीने रिमोटवरून डावीकडे वळवून ठेवली होती. शॉटला मात्र गाडी रिकामी सोडली, म्हणून ती डावीकडे जात होती.

"चूक माझीच," ती कॅलमला म्हणाली. "दहा मिनिटं दे आणि वाळूच्या गोण्या मागव. डार्सी, वजन किती तुझं?"

"ऐंशी."

"खरं सांग."

"लोक ऐकतायत, आई."

"ऐकू देत. काल खिमा भरलेले मीट पाय कोणी किती हाणले, तेही बघितलंय त्यांनी."

"एक्याण्णव," डार्सी पुटपुटला.

एक्याण्णव किलो वाळू सीटवर रचून पट्ट्याने आवळली. ब्रॉनी गाडीच्या बरोबर मागे जाऊन उभी राहिली. समोरून येणाऱ्या गाडीचं डावं-उजवं उलटं होतं आणि ऐन वेळी अंगठे फसतात. गाडी सुटली. तिने अंगठे नुसते टेकवून ठेवले, बाकी काही केलं नाही. गाडी टाक्यांमधून गेली, रॅम्प चढली आणि दिसेनाशी झाली. मग आवाज आला.

शॉट मिळाला. कॅलमने ब्रॉनीला मिठी मारली. हिशोबाप्रमाणे पिकअप चाकांवर पडायला हवी होती. ती नाकावर पडून टपावर उलटली होती, पण पडद्यावर ते जास्तच छान दिसणार होतं, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

डार्सी नाल्यात उतरला. चालकाच्या बाजूचा टप चेपून, गोण्या फोडून सीटला भिडला होता. त्याने खिडकीतून हात घालून बघितला. मनगटाच्या पुढे जाईना. तो बराच वेळ तिथेच वाकून राहिला.

वर येऊन त्याने हेल्मेट काढलं आणि खिशातून आपल्या नव्या गाडीची किल्ली आईच्या हातात दिली. त्या गाडीला तो कोणाला हात लावू देत नसे.

"घरी जाताना तू चालव," तो म्हणाला.

ब्रॉनी गाडीत बसली. डार्सी शेजारी बसला, आणि तिने किल्ली फिरवायच्या आधीच त्याने पट्टा लावला. मग तो नीट लागलाय ना, हे दोनदा ओढून बघितलं.