आजच्या तारखेचा डबा

आमच्या ह्यांना डबाबंद खाणं साठवायची भारी हौस. जिन्याखालची खोली डब्यांनी गच्च भरलीय. तारीख उलटून गेली तरी डबा टाकू देतील तर शपथ! चमच्यानं दोनदा वाजवायचा, कान लावायचा, श्वास रोखायचा आणि म्हणायचं, "चांगला आहे. तारखेला काय कळतंय!"

काल फळ्या पुसताना गंजलेला, पोचे आलेला एक डबा हाती लागला. एरवी मी शेवटची तारीख बघते. काल चुकून बनवल्याची बघितली. तिथे आजची तारीख होती. म्हणजे डबा अजून बनायचाच होता.

"अहो, हे काय?"

"छापताना चुकलं असेल," माझ्याकडे न बघता हे म्हणाले. डबा वाजवला. सीलबंद होता, पण रिकामा वाजला. "राहू दे गं तिथेच."

मला काही ते पटलं नाही. हे गुपचूप डबा बदलतील म्हणून मी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली.

आज सकाळी उघडून बघते तर डबा इतका जड, की दोन्ही हातांनी उचलावा लागला. स्वयंपाकघरात हे चहा ढवळत होते, ते इथवर ऐकू येत होतं.

तेवढ्यात डबा आतून वाजला. दोनदा. मग कुणी श्वास रोखून धरावा तशी शांतता.

आणि डब्यातून, ह्यांच्याच आवाजात आलं, "चांगली आहे."